खेळण्यातला मध्ययुगीन किल्ला : इतिहासाच्या कसोटीवर

१.
आजचा धागा एका खेळण्याविषयी आहे. उचलता येणारा पूल, चार गोल बुरूज, मुठीएवढे शूरवीर, दगड फेकणारे छोटे यंत्र आणि तळाशी अंधारकोठडी असा युरोपीय किल्ल्याचा प्लॅस्टिकचा संच तुमच्यापैकी अनेकांनी दुकानात पाहिला असेल, काहींच्या घरीही असेल. हा संच इतिहासाच्या कसोटीवर किती उतरतो? आज आपण त्याचे रीतसर परीक्षण करणार आहोत आणि गुणही देणार आहोत.

२.
खेळण्याची इतकी गंभीर चौकशी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. मध्ययुगाविषयीचे आपले पहिले चित्र पाठ्यपुस्तकातून येत नाही. ते खेळण्यांतून, चित्रकथांतून आणि चित्रपटांतून येते. पुढे कितीही ग्रंथ वाचले तरी हे पहिले चित्र मनातून सहजासहजी पुसले जात नाही. म्हणून त्या चित्रात काय आहे, आणि त्याहीपेक्षा काय नाही, हे एकदा नीट पाहून घेतलेले बरे.

३.
आधी खेळण्याची कुळकथा. ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द अमेरिकेत १९६४ साली ‘जी. आय. जो’ या सैनिक-बाहुल्याबरोबर रूढ झाला. १९७४ साली जर्मनीत हान्स बेक यांनी घडवलेल्या ‘प्लेमोबिल’च्या साडेसात सेंटिमीटरच्या मूर्ती बाजारात आल्या. त्यांच्या पहिल्या संचांतच मध्ययुगीन शूरवीर होते. १९७३ च्या तेलटंचाईने प्लॅस्टिक महागले होते. कमी प्लॅस्टिकमध्ये जास्त खेळ देणारी ही छोटी मूर्ती त्यामुळेच उत्पादकाला सोयीची ठरली.

४.
१९७८ साली डेन्मार्कच्या ‘लेगो’ने आपला प्रसिद्ध पिवळा किल्ला आणला. त्यात ७६७ तुकडे होते आणि १४ माणसे. भिंती बिजागरीवर उघडत आणि आतले अंगण दिसे. १९८२ मध्ये ‘मॅटेल’ने ‘ही-मॅन’साठी कवटीच्या तोंडाचा ‘कॅसल ग्रेस्कल’ काढला. तो कल्पित विश्वातला होता, तरी उचलपूल, चोरदार, अंधारकोठडी हा साचा तोच. आजचा बहुतेक प्रत्येक संच याच घराण्यातला आहे.

५.
पण या खेळण्यांनी नमुना म्हणून समोर ठेवला तो किल्ला कोणता? बऱ्याच अंशी तो एकोणिसाव्या शतकाने रंगवलेला मध्ययुगाचा किल्ला आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने कार्कासॉनच्या बुरुजांवर टोकदार छपरे चढवली आणि पियरफाँचा भग्न किल्ला जवळजवळ नव्याने उभारला. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये नॉयश्वानस्टाइनचे काम सुरू केले, तेव्हा युरोपात रेल्वे धावत होती. निमुळते मनोरे आणि टोकदार छपरे यांचा आपल्या मनातला ठसा तिथून आला आहे.

६.
आता परीक्षणाची पद्धत सांगतो. सहा कसोट्या आहेत : रचना, प्रमाण, रंग, वेढा, निर्वाह आणि माणसे. प्रत्येकीला दहा गुण. प्रमाणासाठी साडेसात सेंटिमीटरची मूर्ती गृहीत धरू. एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीचा माणूस या मूर्तीत बसवला, तर प्रमाण साधारण १ : २३ येते. खेळण्यातली कोणतीही लांबी तेवीसने गुणली की प्रत्यक्षातली लांबी मिळते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार लागणार आहे.

७.
कसोटी पहिली : रचना.
इथे खेळणे चांगली कामगिरी करते. खंदक, त्यावरचा उचलपूल, त्यामागे वर-खाली सरकणारे जाळीदार दार, दोन्ही बाजूंस बुरूज आणि तटावर चर्या हा क्रम तेराव्या शतकातल्या किल्ल्यांशी जुळतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्समध्ये बांधवलेल्या हार्लेख किंवा ब्यूमॅरिस या किल्ल्यांत खरी ताकद महाद्वाराच्या इमारतीतच एकवटलेली आहे. एकामागून एक दारे, जाळ्या, छतातली भोके, बाजूच्या देवड्या. शत्रू आत शिरलाच तरी त्या बोळातच अडकावा, अशी ती योजना.

८.
बुरूज गोल असणेही बरोबर आहे. चौकोनी बुरुजाचा कोपरा खालून पोखरायला सोपा असतो आणि त्याच्या नाकापुढचा काही भाग तटावरच्या तिरंदाजाच्या दृष्टीआड राहतो. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून गोल बुरुजांचा प्रसार वाढला, त्यामागे ही दोन मोठी कारणे होती. खेळण्यात उणीव आहे ती जंग्यांची. खऱ्या जंगीची फट बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असते, म्हणजे तिरंदाजाला उभे राहायला आणि डावी-उजवीकडे नेम धरायला जागा मिळते. खेळण्यात ती नुसती चीर असते. तरीही गुण : १० पैकी ७.

९.
कसोटी दुसरी : प्रमाण.
खेळण्यातला मुख्य बुरूज चाळीस-पन्नास सेंटिमीटर उंच धरू. तेवीसने गुणल्यावर तो दहा-अकरा मीटरचा होतो. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरचा बाराव्या शतकातला बालेकिल्ला सुमारे ३४ मीटर उंच आहे. आपल्या मूर्तींच्या मापाने तो दीड मीटरचा व्हायला हवा, म्हणजे खेळणाऱ्या मुलाहून उंच. फ्रान्समधल्या कूसीचा गोल बुरूज सुमारे ५५ मीटरचा होता. १९१७ मध्ये जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवला. आपल्या मापाने तो जवळजवळ २.४ मीटरचा झाला असता. घराचे छत तिथून हाताच्या अंतरावर राहिले असते.

१०.
भिंतीचे पाहा. प्लॅस्टिकची भिंत तीन मिलिमीटरची असली, तर प्रत्यक्षात ती सात सेंटिमीटरची होते, अर्ध्या विटेच्या भिंतीहूनही पातळ. रॉचेस्टरच्या भिंती तळाशी साडेतीन मीटरच्या आसपास जाड आहेत. म्हणजे खेळण्यात पंधरा सेंटिमीटर जाडीची भिंत हवी. एवढी भिंत केली तर आत मूर्ती ठेवायला जागाच उरणार नाही, हे खरे. पण या तडजोडीमुळे एक गोष्ट हरवते. किल्ला म्हणजे मुख्यतः दगडाचा प्रचंड साठा असतो, आतली मोकळी जागा त्यातून कोरून काढल्यासारखी असते. खेळण्यात हे नाते उलटे होते. गुण : ३.

११.
कसोटी तिसरी : रंग.
लेगोचा १९७८ चा किल्ला पिवळा होता. राखाडी विटा दिल्या तर मुले रणगाडे बांधतील, अशी धास्ती कंपनीला होती, असे त्याचे कारण नेहमी सांगितले जाते. १९८४ मध्ये राखाडी किल्ला आला आणि ‘आता खरा किल्ला मिळाला’ असे अनेकांना वाटले. इथे इतिहास मात्र वेगळे सांगतो. अनेक किल्ल्यांच्या भिंतींना चुन्याचा हात दिलेला असे. लंडनच्या मुख्य बुरुजाला राजा तिसरा हेन्री याने १२४० मध्ये पांढरा रंग देवविला, म्हणूनच तो आजही ‘व्हाइट टॉवर’ म्हणून ओळखला जातो.

१२.
उघडा राखाडी दगड दिसतो तो शतकानुशतकांच्या पावसाने चुना धुऊन नेल्यावर. म्हणजे राखाडी खेळणे आपल्याला वापरातला किल्ला दाखवत नाही, त्याचे अवशेष दाखवते. दरबारी दालनांच्या आतल्या भिंतीही रंगवलेल्या असत. या न्यायाने पिवळा किल्ला राखाडीपेक्षा फारसा चूक म्हणता येणार नाही. गुण : ५.
जाता जाता : ‘डंजन’ हा इंग्रजी शब्द आज अंधारकोठडीसाठी वापरतात, पण तो ज्या फ्रेंच ‘दाँजाँ’वरून आला त्याचा अर्थ मुख्य बुरूज, म्हणजे आपला बालेकिल्ला. सर्वांत उंच जागेचे नाव सर्वांत खालच्या खोलीला चिकटले, ते असे.

१३.
कसोटी चौथी : वेढा.
संचातले दगडफेकी यंत्र मूर्तीच्या कमरेएवढे असते. तेराव्या शतकातले मोठे यंत्र म्हणजे ट्रेब्युशे. एक लांबलचक दांडा, त्याच्या आखूड टोकाला माती-दगडांनी भरलेली जड पेटी आणि लांब टोकाला गोफण. पेटी खाली कोसळते, दांडा वर उसळतो, गोफणीतला दगड सुटतो. वॉरिक किल्ल्यावर आपल्या काळात उभारलेली प्रतिकृती सुमारे १८ मीटर उंच होती. आपल्या मापाने हे यंत्र ७८ सेंटिमीटरचे होते, म्हणजे खेळण्यातल्या संपूर्ण किल्ल्याहून उंच!

१४.
या यंत्रांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १३०४ मध्ये पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्याला वेढा घातला. तिथे त्याचे सुतार ‘वॉरवुल्फ’ नावाचे अजस्र यंत्र घडवत होते. जुलैमध्ये आतल्या लोकांनी शरणागती देऊ केली, पण यंत्र चालवून पाहिल्याशिवाय ती स्वीकारायला राजाने नकार दिला. दरबारी स्त्रियांना वेढा पाहता यावा म्हणून गावातल्या एका घराला खास खिडकी करवली होती. शरण येऊ पाहणाऱ्या माणसांवर नवे यंत्र आजमावणारा राजा आणि खिडकीतून तो प्रयोग पाहणारे प्रेक्षक. युद्धाचा खेळ करण्याची सवय प्लॅस्टिकच्या काळाहून बरीच जुनी आहे.

१५.
तरीही अनेक किल्ले दगडफेकीने पडत नसत. १२१५ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या राजा जॉनने बंडखोर सरदारांच्या ताब्यातला रॉचेस्टर वेढला. यंत्रांनी काम भागेना, तेव्हा त्याने भुयार खणवले. भुयाराचे छत लाकडी खांबांवर तोलून धरायचे, खाली सरपण भरायचे आणि पेटवून द्यायचे. खांब जळाले की वरची भिंत खाली बसते. आपण ज्याला सुरुंग म्हणतो त्यात दारू असते, इथे दारू नव्हती. तिचे काम चरबीने केले. २५ नोव्हेंबरला राजाने आज्ञा धाडली : खाण्याच्या कामाचे नसलेले चाळीस लठ्ठ डुक्कर पाठवा.

१६.
बालेकिल्ल्याचा एक कोपरा कोसळला. तरीही आतले लोक मधल्या आडव्या भिंतीमागे सरले आणि लढत राहिले. घोडे मारून खाल्ले. अखेर सुमारे सात आठवड्यांनी ३० नोव्हेंबरला ते शरण आले, ते भुकेने. तो कोपरा पुढे नव्याने बांधला, पण गोल. आज रॉचेस्टरला गेलात तर तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो. आठव्या टिपणातला बुरुजांचा धडा तिथे दगडात वाचायला मिळतो. खेळण्यात भुयार नाही, चरबी नाही, आणि वेढा पाच मिनिटांत आटोपतो. गुण : ३.

१७.
कसोटी पाचवी : निर्वाह.
रॉचेस्टर भुकेने पडला, मग किल्ला टिकायचा कशावर? पाण्यावर आणि रसदीवर. रॉचेस्टरच्या मधल्या भिंतीत विहिरीची नळी प्रत्येक मजल्यापर्यंत चढवलेली आहे, म्हणजे वरच्या मजल्यावरूनही पाणी शेंदता येई. डोव्हरच्या बालेकिल्ल्यातली विहीर १०० मीटरहून अधिक खोल आहे. आपल्या मापाने ती चार मीटरांपेक्षा जास्त होते. खेळण्याचा किल्ला टेबलावर मांडला, तर विहिरीचा तळ खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरात निघेल.

१८.
वेल्समधला हार्लेख समुद्रालगतच्या खडकावर उभा होता आणि पाण्याच्या काठापर्यंत उतरणारी संरक्षित वाट त्याला होती. १२९४-९५ मध्ये मॅडॉग आप लिवेलिन याच्या नेतृत्वाखाली वेल्श लोकांनी उठाव केला. किल्ल्याच्या तिन्ही बाजू बंद झाल्या, पण आयर्लंडहून समुद्रमार्गे आलेल्या रसदीने हार्लेख तगला. त्या जिन्याचे मोल चार बुरुजांहून कमी नव्हते. शौचकूपही विसरू नका. कॉन्वीच्या नगरतटावर एका ओळीत बारा शौचकूप आजही दिसतात. बाजारातल्या बहुतेक संचांत विहीर नाही, धान्याचे कोठार नाही, मुदपाकखाना नाही, शौचकूप तर नाहीच. गुण : १.

१९.
कसोटी सहावी : माणसे.
इथे सुरुवातीला एक सुखद आश्चर्य आहे. ‘इतक्या मोठ्या किल्ल्याला इतकेच शिपाई?’ अशी मुलांची तक्रार असते. पण शांततेच्या काळातली शिबंदी खरोखरच तुटपुंजी असे. हार्लेखची नेमणूक अवघ्या ३६ माणसांची होती. त्यांत तिरंदाज होते, तसेच एक धर्मगुरू, एक लोहार, एक सुतार आणि एक गवंडीही होते. लेगोची १४ माणसे म्हणजे त्याच्या निम्म्याच्या जवळ गेली. भिंत माणसांची बचत करते, हे किल्ल्याचे मूळ गणित खेळण्याने नकळत बरोबर मांडले आहे.

२०.
चूक आहे ती निवडीत. संचातले जवळजवळ सगळे तलवारवाले आणि स्त्री असलीच तर सुटकेची वाट पाहणारी राजकन्या. आता इतिहास पाहा. लिंकनच्या किल्ल्याची किल्लेदार निकोला द ला हे ही स्त्री होती. १२१६ मध्ये तिला त्या प्रांताच्या शेरीफपदावरही नेमले गेले, आणि साठी ओलांडलेली असताना १२१७ चा वेढा तिने धैर्याने परतवला. स्कॉटलंडमध्ये १३३८ साली डनबारच्या अ‍ॅग्नेसने इंग्रजांना पाच महिने दाद दिली नाही. शत्रूचे दगड तटावर आदळले की तिच्या दासी रुमालाने ती जागा पुसून काढत, अशी आख्यायिका आहे. नवरा दूर असताना किल्ला सांभाळणे हे सरदारघराण्यातल्या स्त्रीचे अपेक्षित कर्तव्यच होते.

२१.
दुसरी अनुपस्थिती बांधणाऱ्यांची. ब्यूमॅरिसचे काम १२९५ मध्ये सुरू झाले. तिथला मुख्य स्थपती मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज याने फेब्रुवारी १२९६ मध्ये राजाच्या खजिन्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात हिशेब आहे : ४०० गवंडी, २००० मजूर, खाणीत २०० दगडफोडे, ३० लोहार आणि सुतार, १०० हातगाड्या-छकडे, ६० मोठ्या गाड्या आणि दगड-कोळसा आणणाऱ्या ३० होड्या. आठवड्याला अडीचशे पौंड हवेत आणि मजुरी थकली आहे, अशी विनवणीही आहे. पैसा आटत गेला. सुमारे १३३० पर्यंत काम रखडत चालले आणि किल्ला अपुराच राहिला. खेळण्यातला किल्ला खोक्यातून पुरा होऊनच बाहेर पडतो.

२२.
तिसरी अनुपस्थिती अधिक बोचरी आहे. ब्यूमॅरिसजवळ लानवाइस नावाचे वेल्श लोकांचे भरभराटीचे बंदरगाव होते. नवा किल्ला आणि त्यालगतचे इंग्रजांचे नवे नगर यांच्या सोयीसाठी ते गाव उठवले गेले. रहिवाशांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला नव्या वस्तीत हलवले. तिचे नाव आजही न्यूबरो, म्हणजे ‘नवे नगर’. ब्यूमॅरिस आज अत्यंत देखणा किल्ला म्हणून ख्यात आहे, आणि तो देखणा आहेही. पण तो एका जिंकलेल्या मुलखावर ठेवलेला पाय होता. खेळण्यात ‘आपला’ किल्ला आणि ‘बाहेरचा’ शत्रू असतो. वेल्समध्ये किल्ल्यात होते ते बाहेरून आलेले.

२३.
आता शेवटचा प्रसंग. रिचर्ड पहिला याने नॉर्मंडीत सेन नदीकाठी ११९६ ते ११९८ या दोन वर्षांत शातो गयार हा बलाढ्य किल्ला उभारला. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याने १२०३ मध्ये त्याला वेढा घातला. पायथ्याच्या गावातले लोक जीव वाचवण्यासाठी किल्ल्यात शिरले. किल्लेदार रॉजर द लेसी याने साठा मोजला. लढू न शकणारी इतकी तोंडे पोसली तर हिवाळा निघणार नाही, हे त्याच्या लक्षात आले.

२४.
त्याने गावकऱ्यांना तुकडी-तुकडीने बाहेर काढले. पहिल्या तुकड्यांना फ्रेंचांनी जाऊ दिले. मग फिलिपचा हुकूम आला की कोणालाही सोडू नका, भूक किल्ल्यातच राहू द्या. त्यानंतर बाहेर पडलेल्या शेकडो माणसांपुढे फ्रेंच मोर्चे होते आणि मागे बंद झालेले दार. म्हातारे, बाया, मुले त्या मधल्या उतारावर ऐन थंडीत अडकली आणि त्यातली कित्येक उपासमारीने मेली. पुढे फिलिप स्वतः छावणीवर आला, तेव्हा उरलेल्यांना त्याने वाट दिली. मार्च १२०४ मध्ये किल्ला पडला आणि पाठोपाठ नॉर्मंडीही इंग्रज राजाच्या हातून गेली.

२५.
खेळण्याच्या खोक्यात या माणसांची एकही मूर्ती नसते. लहान मुलांच्या खेळात उपासमार असावी, असे मी म्हणत नाही. पण तटबंदीचा अर्थ त्या उतारावर उभे राहिल्याशिवाय पुरता कळत नाही. तट शत्रूला अडवतो, तसाच तो संकटकाळी कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवतो, आणि ते ठरवण्याचा अधिकार किल्ली ज्याच्या हाती त्याच्याकडे असतो. गावाने पिकवलेल्या धान्यावर किल्ला उभा राहतो. दार लागते तेव्हा तेच गाव बाहेर राहू शकते. माणसे या कसोटीचे गुण : ३, तेही शिबंदीच्या आकड्यामुळे.

२६.
बेरीज : ७ + ३ + ५ + ३ + १ + ३ = ६० पैकी २२. नापास!
एक तुलना इथे अपरिहार्य आहे, कारण आपल्याकडेही खेळण्यातल्या किल्ल्याची परंपरा आहे. दिवाळीत अंगणात मुले जो मातीचा किल्ला करतात, तो प्रमाणाच्या कसोटीवर कधीच उत्तीर्ण होणार नाही. तिथे वाघ बुरुजाहून मोठा असतो. पण त्याच्या उतारावर हळीव-मोहरी पेरलेली असते, पायथ्याशी विहीर आणि गाव असते, आणि मावळ्यांच्या जोडीला गवळण, शेतकरी, भाजीवाली उभी असते. निर्वाह आणि माणसे या दोन कसोट्यांवर हा मातीचा ढीग महागड्या संचाला सहज मागे टाकतो.

२७.
हा योगायोग नसावा. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे प्रकरण आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून न राहता जादा साठा राखावा, असे त्यात बजावले आहे. वेल्समधला स्थपती आणि मराठी अमात्य यांच्यात चार शतके आणि अर्धे जग यांचे अंतर आहे. तरी रसदीची काळजी दोघांना सारखीच होती.

२८.
मग हा संच घेऊ नये का? अवश्य घ्यावा. त्यात चांगला पाया आहे, उरलेले आपण घालायचे. भिंतींना पांढरा कागद चिकटवा. पुठ्ठ्याच्या नळीची विहीर करा. दोन शूरवीरांच्या हातातली तलवार काढून करवत आणि हातोडा द्या. एका स्त्रीच्या मूर्तीकडे किल्ल्या सोपवा आणि तिला किल्लेदार करा. तटाबाहेर चार झोपड्यांचे गाव वसवा. शक्य असल्यास एक डुक्करही ठेवा, रॉचेस्टरच्या आठवणीसाठी. मग वेढा घाला आणि खेळणाऱ्याला विचारा : गावकऱ्यांना आत घ्यायचे का? धान्य किती दिवस पुरेल?

२९.
मोठ्यांनीही असा खेळ मांडला आहे. फ्रान्समध्ये बर्गंडीत गेदेलाँ इथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या धर्तीचा किल्ला त्याच काळच्या साधनांनी बांधला जात आहे. दगड तिथल्याच खाणीचा, लाकूड भोवतालच्या जंगलातले, उचलण्यासाठी माणसाने पावलांनी फिरवायचे लाकडी चक्र. किल्ला पुरा करण्यापेक्षा तो कसा बांधला जाई हे समजून घेणे, हा या प्रकल्पाचा हेतू. चुना किती काळ मुरवायचा, दगड तासायला किती वेळ लागतो, असे प्रश्न तिथे हातांनी सोडवले जातात. सगळी उत्तरे ग्रंथांत मिळत नाहीत.

३०.
इतिहासाच्या तरुण वाचकांना एवढेच सुचवतो. यापुढे कोणताही किल्ला पाहाल, प्लॅस्टिकचा असो, पडद्यावरचा असो की सह्याद्रीतला, तेव्हा बुरूज मोजून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून येत होते? हे दगड कोणी वाहिले? आणि दार बंद झाले तेव्हा बाहेर कोण राहिले? उत्तरे शोधताना कागदपत्रे वाचावी लागतील, नकाशे उलगडावे लागतील, पायपीट करावी लागेल.
तुमच्या घरी असा संच असेल, तर या सहा कसोट्या लावून गुण जरूर कळवा. २२ च्या पुढे कोण जाते, ते पाहू. धागा इथे पूर्ण होतो.